मुक्त की मूक?

ग्रंथांची परीक्षणे छापावीत, नाटकांची छापावीत, क्वचित एखाद्या चित्रपटाचेही छापावे. परंतु एखाद्या अभ्यासक्रमाचे परीक्षण वाङ्मयीन नियतकालिकात छापण्याची रीत आपल्याकडे नाही. अभ्यासक्रम म्हणजे विद्यापीठांच्या समित्यांची बाब, तिच्यात रसिकाने डोकावून काय पाहावयाचे, असा समज या रीतीच्या मुळाशी असावा. आजवर तो फारसा चुकीचाही नव्हता, कारण चार भिंतींच्या आत काय चालते हे बाहेरच्यास दिसतच नसे. गेल्या पंचवीस वर्षांत ही स्थिती पालटली. इंटरनेटच्या योगाने जगातील नामांकित प्राध्यापकांचे वर्ग कोणाही जिज्ञासूस घरबसल्या, बहुधा विनामूल्य, पाहता येऊ लागले. जी कृती हजारो, क्वचित लाखो लोक एकाच वेळी ग्रहण करतात, जिला रचना असते, निवेदनाची शैली असते आणि जी आपल्या प्रेक्षकाकडून काही मागतेही, तिला समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

आम्ही शिक्षणतज्ज्ञ नव्हे, हे आधीच सांगून टाकणे बरे. दिल्लीतील एका केंद्रीय कार्यालयात कारकुनी करणारे, पदवीपाशी शिक्षण थांबलेले आणि ते थांबल्याची रुखरुख अद्याप न गेलेले असे आम्ही एक सामान्य वाचक आहो. गेल्या आठ-नऊ वर्षांत रात्रीची जेवणे उरकल्यावर आम्ही असे पुष्कळ अभ्यासक्रम पाहिले. काही तडीस नेले, बरेचसे अर्ध्यावर सोडले. त्यांनी आम्हांस पुष्कळ दिले, आणि एक गोष्ट मात्र दिली नाही. त्या एका गोष्टीविषयी हा लेख आहे.

प्रथम 'मुक्त' या शब्दाचा विचार करू. आपल्याकडे शिक्षणाच्या संदर्भात हा शब्द बराच काळ प्रवेशाशी निगडित राहिला. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने शिक्षण देणारी शाखा काढली. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी करणाऱ्यास, गृहिणीस, वय उलटून गेलेल्यास दार उघडणे हा येथे मुक्ततेचा अर्थ. तो लहान नव्हता. पुढे २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांची टिपणे व प्रश्नपत्रिका सर्वांसाठी खुल्या करण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हा या शब्दास दुसरा अर्थ प्राप्त झाला: साहित्य मुक्त, ज्यास हवे त्याने न्यावे. तिसरा अर्थ २००८ साली कॅनडात जन्मास आला आणि अवघ्या तीन-चार वर्षांत झाकोळला गेला. आमच्या मते तिन्हींत तोच अधिक मोलाचा होता.

त्या वर्षीच्या शरदात मॅनिटोबा विद्यापीठाच्या वतीने जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या दोघांनी बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम चालविला. माणसामाणसांतील आणि कल्पनाकल्पनांतील जोडण्यांतून ज्ञान कसे घडते, हा त्याचा विषय. शुल्क भरून बसलेले विद्यार्थी सुमारे २५ आणि बाहेरून विनामूल्य येऊन मिळालेले सुमारे २२००. या आकड्यांचीच वाखाणणी पुढे फार झाली. परंतु खरी नवलाई रचनेत होती. सर्वांनी एका जागी येऊन ऐकावे असा मंचच तेथे मुख्य नव्हता. प्रत्येकाने आपापल्या अनुदिनीवर, आपल्या नावाने, आपल्या मगदुराप्रमाणे लिहावयाचे. डाउन्स यांनी रचलेली संगणकीय व्यवस्था ही विखुरलेली लिखाणे गोळा करून दैनिक वार्तापत्रातून सर्वांकडे धाडी. सगळे कोणास वाचता येणार नाही, ज्याने त्याने निवडावे, हे चालकांनी मोकळेपणाने सांगून टाकले होते. म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेले हेच अभ्यासक्रमाचे साहित्य झाले. याच प्रयोगाच्या निमित्ताने डेव्ह कॉर्मियर यांनी अशा उपक्रमांस 'प्रचंड, मुक्त, ऑनलाइन अभ्यासक्रम' या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे एक नाव दिले. देवनागरीत ते 'मूक' असे लिहिले जाते. नाव देणाऱ्यास मराठी येत नव्हते, हा त्याचा दोष नव्हे.

या प्रयोगाची आम्ही सरसकट स्तुती करू इच्छीत नाही. त्यातील उपलब्ध लिखाणे पाहता एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की लिहिणाऱ्यांत शिक्षणाच्याच व्यवसायातील मंडळी फार होती. शिकण्याविषयी शिकणाऱ्यांनी लिहिलेले शिकविणाऱ्यांनी वाचावयाचे, असा काहीसा आत्मरत प्रकार त्यात आहे. नवखा माणूस त्या गर्दीत हरवला असेल, यात शंका नाही. तथापि लिहिणाऱ्यास वाचक मिळत होता. कोणी तरी, कोठे तरी, त्याचे वाक्य उचलून त्यास उत्तर देई.

हीच कल्पना निर्मितीच्या क्षेत्रात नेऊन तिला रंगरूप देण्याचे श्रेय व्हर्जिनिया राज्यातील फ्रेडरिक्सबर्ग येथील मेरी वॉशिंग्टन विद्यापीठास द्यावे लागेल. तेथे जिम ग्रूम या गृहस्थांनी २०१० साली संगणकीय कथाकथनाचा एक अभ्यासक्रम हाती घेतला आणि जानेवारी २०११ मध्ये तो सर्व जगास खुला केला. 'डीएस १०६' या रुक्ष नावाने तो ओळखला जातो. आम्ही तो वाचला तेव्हा त्याचा बहर ओसरला होता; उत्खननात सापडलेल्या नगराच्या गल्ल्यांतून हिंडावे तसे त्याच्या पानापानांतून आम्ही हिंडलो. तरीसुद्धा एवढा आनंद आम्हांस दुसऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमाने दिला नाही.

त्याचे पहिले वैशिष्ट्य असे की विद्यापीठातील प्रत्येक विद्यार्थ्याने इंटरनेटवर स्वतःचे ठिकाण, स्वतःच्या पत्त्यानिशी, घ्यावयाचे आणि आपले काम तेथे मांडावयाचे. भाड्याच्या खोलीत आणि स्वतःच्या घरात माणूस जसा निरनिराळा वागतो, तसाच फरक यामुळे पडतो. दुसरे वैशिष्ट्य स्वाध्यायांच्या भांडाराचे. एखादा स्वाध्याय सुचविण्याचा अधिकार केवळ शिक्षकाचा नव्हता. सामील झालेला कोणीही मनुष्य नवा स्वाध्याय भांडारात टाकू शके, त्याची अवघडपणाची प्रत तारकांनी ठरे, आणि पुढच्या तुकडीतला कोणी तो सोडवी. एखादी गोष्ट केवळ चार चिन्हांत सांगा, असा त्यातील एक स्वाध्याय आहे. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. परंतु ज्याने कधी कथेचा सारांश लिहिला आहे त्याने हे करून पाहावे. कथेत अपरिहार्य काय आणि भरताड किती, हा जो प्रश्न समीक्षकाने दहा पानांत घोळवावा, तो येथे चार चित्रांत सोडवावा लागतो, आणि चुकला तर चूक झाकता येत नाही. आम्ही एका कागदावर शिसपेन्सिलीने आमच्या आवडत्या तीन कथांवर हा प्रयोग केला. दोन कथा चार चिन्हांत उभ्या राहिल्या, तिसरी पाच मागू लागली. ती का मागते याचा विचार करता करता त्या कथेविषयी आमचे मत बदलले.

२०१२च्या आरंभी त्यात रोजच्या छोट्या निर्मितीची भर पडली: दररोज एक लहानसे काम, पंधरा-वीस मिनिटांचे, छायाचित्र, रेखाटन वा ध्वनिमुद्रण. त्याआधीच्या उन्हाळ्यात ग्रूम यांनी आणखी एक गंमत केली. 'डॉक्टर ऑब्लिव्हियन' नावाच्या, पडद्यावरूनच बोलणाऱ्या एका चक्रम प्राध्यापकाचे सोंग त्यांनी घेतले. १९८३ सालच्या 'व्हिडिओड्रोम' या चित्रपटात केवळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अवतरणारा एक प्राध्यापक आहे, त्याची ही नक्कल. हे महाशय आरंभी वर्ग घेऊन पुढे बेपत्ता झाले. पडद्यावरील सर्वज्ञ गुरूची ही थट्टा २०११च्या उन्हाळ्यात झाली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे; कारण त्याच वर्षीच्या शरदात असे गुरू लाखांच्या समुदायापुढे खरोखरच अवतरावयाचे होते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला अभ्यासक्रम त्या शरदात सर्वांस खुला केला. नावे नोंदविणारे सुमारे १,६०,०००. तडीस नेणारे वीस हजारांहून काहीसे अधिक. पुढचा इतिहास वृत्तपत्रांनी इतका गाजविला आहे की तो येथे फार सांगावयास नको. २०१२ साली उडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स या तीन संस्था उभ्या राहिल्या, आणि विद्यापीठांचा काळ सरला अशी भाकिते होऊ लागली. नाव जुनेच राहिले; परंतु २००८ साली जेथे २२०० जणांनी लिहावे अशी योजना होती, तेथे आता एक बोले आणि लाखभर ऐकत. मधूनमधून पर्यायी उत्तरांचे प्रश्न, आणि त्यांचे गुण यंत्राने द्यावयाचे. अंकगणितास, प्रोग्रॅम लिहिण्यास ही पद्धत बरी चालते, हे आम्ही मान्य करतो; तेथे उत्तर बरोबर किंवा चूक असते आणि यंत्र ते न थकता सांगते. ज्या विषयांत उत्तर हे विद्यार्थ्याने घडवावयाचे असते, तेथे मात्र या रचनेने विद्यार्थ्याच्या तोंडास कुलूप घातले. मराठी अक्षरांत उमटलेला तो शब्द येथे सार्थ झाला, असे आम्ही म्हणतो ते केवळ कोटी म्हणून नव्हे.

या बदलास लेखी विरोध ज्यांनी केला त्यांत तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठात हार्वर्डचे मायकेल सँडेल यांचा न्यायविषयक सुप्रसिद्ध अभ्यासक्रम ध्वनिचित्रफितींवरून चालवावा, अशी सूचना आली. तेथील तत्त्वज्ञान विभागाने ती नाकारली आणि एप्रिल २०१३ मध्ये थेट सँडेल यांनाच खुले पत्र लिहिले. आम्ही ते पत्र एकाहून अधिक वेळा वाचले आहे. त्यात सँडेल यांच्या विद्वत्तेविषयी अनादर नाही. देशभरच्या तत्त्वज्ञान विभागांतून न्याय या विषयावर एकच एक व्याख्यान ऐकू यावे, ही कल्पना भयावह आहे, असे त्यांचे म्हणणे होते. श्रीमंतांच्या मुलांना जिवंत प्राध्यापक मिळेल आणि गरिबांच्या मुलांना त्या प्राध्यापकाचे चित्र, अशी विद्यापीठांची दोन कुळे पडतील, हा त्यांचा दुसरा आक्षेप. सँडेल यांनी दिलेले उत्तर संक्षिप्त आणि सभ्य होते: आपल्या व्याख्यानांचा उपयोग इतरत्रच्या अध्यापकांचे स्थान कमी करण्यासाठी व्हावा, अशी आपली इच्छा नाही. त्याच विद्यापीठात उडॅसिटीच्या साहाय्याने चालविलेल्या गणिताच्या वर्गांत उत्तीर्णांचे प्रमाण निराशाजनक निघाले आणि जुलै २०१३ मध्ये तो प्रयोग स्थगित झाला.

सँडेल यांचा तो अभ्यासक्रम आम्ही स्वतः पाहिला आहे, आणि येथे आमची थोडी अडचण होते. तो अतिशय सुंदर आहे. सँडेल प्रश्न टाकतात, सभागृहातील एखादी मुलगी उठून उत्तर देते, तिचे म्हणणे ते तिच्याच शब्दांत उचलतात आणि दुसऱ्या मुलाच्या म्हणण्याशी त्याची गाठ घालून देतात. अशा वेळी त्या मुलीचा चेहरा पाहण्यासारखा असतो. आपण बोललो त्याला वजन आहे, हे तिला त्या क्षणी कळते. आम्ही हे दिल्लीत, रात्रीचे अकरा वाजता, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकवलेल्या मोबाइलवर पाहत होतो. आमच्याही मनात एक उत्तर आले होते. ते तिच्या उत्तराहून निराळे होते, चांगले की वाईट हे ठाऊक नाही, कारण ते कोणास सांगता आले नाही. अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा भाग जो उत्तर-प्रत्युत्तराचा, तो आम्ही प्रेक्षक म्हणून पाहिला. दुसऱ्याचे जेवण पाहून पोट भरत नाही, असे आमची आई म्हणत असे.

या ठिकाणी कोणी एकलव्याचे उदाहरण पुढे करील. गुरू समोर नसतानाही तो शिकला, मग आजच्या विद्यार्थ्याने तक्रार का करावी? आमच्याशी वाद घालणाऱ्या एका स्नेह्यांनी हे उदाहरण दिलेही होते. परंतु एकलव्याने मातीची मूर्ती स्वतःच्या हातांनी घडविली होती, हे आपण विसरतो. मूर्ती मूक होती हे खरे, पण ती त्याची निर्मिती होती; प्रत्येक बाणागणिक गुरू काय म्हणेल हे त्याला आपल्याच मनात रचावे लागे. आमच्या पडद्यावरील मूर्ती दुसऱ्याने घडविलेली असते, ती अखंड बोलते, आणि आम्ही बाण सोडला की नाही याची तिला वार्ताही नसते. शिवाय महाभारतकारांनी एकलव्याची गोष्ट सुखाची म्हणून सांगितलेली नाही.

आपल्या देशात या क्षेत्रात झालेले काम लहान नाही. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ पासून 'एनपीटीईएल'च्या नावाने तंत्रविद्येच्या व्याख्यानांचा जो साठा उभा केला, त्याने लहान गावांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचे केवढे कल्याण केले, हे त्यांनाच विचारावे. त्यातील काही व्याख्यानांच्या लिखित प्रती मराठीसह अनेक भारतीय भाषांतही झाल्या आहेत. जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'स्वयम्' हे व्यासपीठ सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थ्यास या मार्गाने पुरे करून त्यांचे श्रेयांक मिळविता येतात. चाळीस टक्के म्हणजे पाचांतील दोन विषय. हे दोन विषय गणिताचे असतील तर आमची हरकत नाही. ते काव्यशास्त्र आणि निबंधलेखन असतील, तर विद्यार्थ्याचा निबंध कोण वाचणार, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. टपालाने शिकविणाऱ्या जुन्या संस्थांत शिक्षकाने तपासावयाचे स्वाध्याय असत. ते उशिरा परत येत, कधी येतही नसत. परंतु आले म्हणजे समासात तांबड्या शाईने कोणी तरी काही तरी लिहिलेले असे.

आमच्या कार्यालयाविषयी थोडे सांगितले पाहिजे. तेथे आम्हां सर्वांस वर्षाकाठी ठरावीक ऑनलाइन अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. नस्तीवर टिपणी चाललेली असते, शेजारी मोबाइलवर व्याख्यान चाललेले असते, आवाज बंद. शेवटी पाच प्रश्न येतात; चुकले तर पुन्हा येतात. वेळेच्या नियोजनावरील अभ्यासक्रम दोन यंत्रांवर दोन निरनिराळ्या विषयांबरोबर एकाच वेळी चालवून वेळेची खरोखरच बचत करणारे एक सहकारी आमच्याकडे आहेत. त्यांच्या नावावर आमच्याहून तिप्पट प्रमाणपत्रे आहेत. आम्ही त्यांस हसत नाही. जी व्यवस्था पाहिले की नाही एवढेच मोजते, तिला त्यांनी दिलेले ते चोख उत्तर आहे.

याच दिल्लीत, कालकाजी येथे, १९९९ साली सुगत मित्र यांनी एका झोपडवस्तीच्या लगतच्या भिंतीत भोक पाडून त्यात संगणक बसविला, आणि मुले शिक्षकावाचून तो चालवावयास शिकली. या प्रयोगाची कीर्ती जगभर झाली आणि शिक्षक अनावश्यक आहे असा निष्कर्ष पुष्कळांनी त्यातून काढला. पण पुद्दुचेरीजवळच्या कालिकुप्पम गावी मित्र यांनीच पुढे केलेला प्रयोग फारसा कोणी सांगत नाही. तेथील तमिळ मुलांनी जीवशास्त्राचा कठीण भाग आपसांत काही अंशी आत्मसात केला. मग त्यांच्या मागे एक तरुण स्त्री उभी करण्यात आली. तिला विषयाचे ज्ञान नव्हते. 'हे कसे केलेस? पुन्हा दाखव पाहू', एवढेच तिने म्हणावयाचे. मुलांची प्रगती आणखी झाली, ती दिल्लीच्या चांगल्या शाळेतील मुलांच्या पंक्तीला जाऊन बसली. पुढे मित्र यांनी इंग्लंडातील निवृत्त शिक्षिका व आजीबाई इंटरनेटवरून भारतातील मुलांशी बोलतील अशी योजना केली, ती याच अनुभवाच्या जोरावर. शिक्षक घालवावयास निघालेल्या माणसाला शेवटी आजी शोधावी लागली, ही आम्हांस त्या संशोधनातील फार हृद्य गोष्ट वाटते.

आमची आजी म्हणजे येथील महाराष्ट्र मंडळात येणारे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आम्ही वडिलांच्या सेवानिवृत्तीच्या दिवसावर एक लेख लिहून त्यांस दाखविला होता. त्यांनी चष्मा पुसून तो तेथेच वाचला. मावळत्या सूर्याविषयीच्या आमच्या एका वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "अहो, हे तुम्ही पाहिलंय, का कुठं वाचलंय?" आम्ही काही बोललो नाही. मग त्यांनी दुसऱ्या एका ओळीखाली रेघ मारली. निरोपाची शाल वडिलांनी सायकलीच्या कॅरिअरला सुतळीने बांधली, अशी ती ओळ होती. समासात लिहिले: हे ठेवा. आठ पानांच्या लेखात एवढ्याच दोन खुणा. अण्णा आता नाहीत. त्या दोन खुणांनी आम्हांस जे शिकविले ते नंतरच्या कित्येक अभ्यासक्रमांत आम्ही शोधले.

एका परदेशी विद्यापीठाच्या कथालेखनविषयक अभ्यासक्रमात आम्ही इंग्रजीत कथा लिहून पाठविली. तेथे सहाध्यायांनी परस्परांचे लिखाण तपासावे असा नियम होता. तिघांनी आमची कथा तपासली. दहापैकी आठ, आठ आणि पाच असे गुण आले. पहिल्याने 'छान प्रयत्न' असे लिहिले होते, दुसऱ्याने केवळ 'छान'. पाच देणाऱ्याने काहीच लिहिले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर कुतूहल त्याच्याविषयीच वाटले. त्याला काही तरी खटकले होते.

आता नोव्हेंबर २०२२ पासून नवी परिस्थिती उत्पन्न झाली आहे. संभाषण करणारी यंत्रे आली, आणि जगातील प्रत्येक वही क्षणात वाचून तीवर अभिप्राय देण्याची त्यांची तयारी आहे. म्हणजे आमचा प्रश्न सुटला, असे म्हणावयाचे काय? आम्ही पूर्वग्रह बाजूस ठेवून वडिलांवरील तोच लेख यंत्रापुढे ठेवला. न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे की त्याने एक खरी चूक काढली: एका प्रसंगाचे साल दोन ठिकाणी निराळे पडले होते, ते अण्णांच्याही नजरेतून सुटले होते. त्याने शुद्धलेखन सुधारले. सूर्यास्ताच्या वाक्याची त्याने प्रशंसा केली. सुतळीचे वाक्य गाळल्यास परिच्छेद अधिक प्रवाही होईल, असे सुचविले. यंत्र उद्या सुधारेल आणि सुतळी ठेवा म्हणेल, हे आम्ही गृहीत धरतो. तरीही अण्णा 'हे ठेवा' म्हणाले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या निरोपाची शाल त्यांना आठवली असली पाहिजे. पेन्सिल थोडा वेळ कागदावर तशीच थांबली होती, ती आम्ही पाहिली होती. लिहिणाऱ्यास पुढचे वाक्य लिहिण्याचे बळ त्या थांबण्यातून मिळते. निर्मितिक्षमता वाढविण्याचे अभ्यासक्रम पुष्कळ निघाले आहेत. त्यांत तंत्रे असतात, उत्तेजन असते, वाचणारा नसतो.

कारकुनी सवयीने आम्ही एक हिशेब केला. तीस विद्यार्थ्यांमागे एक वाचक धरला, प्रत्येकाने आठवड्यास तीन पाने लिहिली, तर वाचकास नव्वद पाने वाचावी लागतील. ते काम होण्यासारखे आहे. दहा हजार विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमास असे ३३४ वाचक लागतील. भाषा-वाङ्मयाच्या पदव्या घेऊन देशभर रिकामे बसलेल्या तरुणांची संख्या पाहता हे आकडे कोणास फार वाटू नयेत. खर्च येईल, हे उघड आहे. व्याख्यानाचे चित्रण एकदाच करावयाचे असते आणि वाचकास दर महिन्यास वेतन द्यावे लागते, म्हणून पहिल्यासाठी पैसा निघतो आणि दुसऱ्यासाठी निघत नाही. पाचांतील दोन विषय पडद्यावर नेऊन जे वाचणार आहे, त्यातील काही भाग या कामी लावावा, अशी मागणी अध्यापकांच्या संघटनांनी का करू नये, हे आम्हांस कळत नाही.

असे वाचक मिळतील काय, अशी शंका आमचे तेच स्नेही घेतात. दुसऱ्याचे कच्चे लिखाण मन लावून वाचण्याची कोणास हौस असते, असे ते म्हणतात. यावर आमच्यापाशी एकच अनुभव आहे. त्या कथालेखनाच्या अभ्यासक्रमात आमच्याही वाट्यास तपासण्यासाठी तीन कथा आल्या होत्या. लेखकांची नावे नव्हती. दोन कथा आम्ही भराभर वाचून गुण देऊन टाकले. 'छान प्रयत्न' असे आम्हीही एकीवर लिहिले असावे. तिसरी एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाविषयी होती. इंग्रजी मोडके होते, आमच्याहूनही. बाप गेल्यावर मुलगा दुकान बंद करावयास येतो आणि लोकांनी दुरुस्तीस टाकलेली, कोणी परत न नेलेली एकोणीस घड्याळे त्याला खणात सापडतात. प्रत्येकाला बापाच्या अक्षरातली चिठ्ठी. कथा तेथून पुढे भलत्याच दिशेने भरकटत जात होती. घरातली सर्व मंडळी निजल्यावर आम्ही लिहावयास बसलो. खणाच्या प्रसंगापाशीच कथा कशी थांबू शकेल, चिठ्ठ्यांपैकी दोन-तीन वाचकाला दिसल्या तर काय होईल, मुलाचे स्वतःचे घड्याळ कोठे आहे, असे बरेच काही दोन पाने भरून लिहिले. एक वाजून गेला. सकाळी साडेनऊला कार्यालयात हजेरी लागते, तरी त्या रात्रीचे आम्हांस वाईट वाटले नाही.

चार दिवसांनी अभ्यासक्रमाची मुदत संपली आणि ती पृष्ठे बंद झाली. आमचे टिपण त्या लेखकापर्यंत पोहोचले की नाही, हे समजण्याची सोय नव्हती. त्या एकोणीस घड्याळांचे पुढे त्याने काय केले, हे आम्हांस अजून जाणून घ्यावयाचे आहे.